दादा, बाहेरून काही आणू नकोस

प्रिय दादा,

परवा फोनवर फार चिडलेला होतास. आफ्रिकन गोगलगायींनी पपईची रोपं रात्रीत बोडकी केली, आता त्यांना खाणारंच काहीतरी आणून वाडीत सोडतो म्हणालास. काट्यानं काटा. तुझं नुकसान ताजं होतं, म्हणून मी गप्प बसले. आज बोलते.

ताहितीशेजारी मूरेआ नावाचं डोंगराळ बेट आहे. तिथल्या रानात पानांच्या पाठीला पार्टुला चिकटून असायच्या. नखाएवढ्या गोगलगायी, थेट पिल्लं देणाऱ्या. खोरं बदललं की शंखाचे रंग-पट्टे बदलायचे. बायका त्या शंखांच्या माळा करायच्या.

तिथेही आफ्रिकन गोगलगायींनी लोकांना पिडलं. म्हणून १९७७ साली फ्लोरिडाकडची शिकारी गोगलगाय, युग्लँडिना, मुद्दाम आणून सोडली. ती दुसऱ्या गोगलगायीच्या चिकट मागावरून जाते, झाडावरसुद्धा चढते. तिला इवलीशी पार्टुला सोपी पडली. १९८७ पर्यंत मूरेआच्या रानातून त्या जवळजवळ संपल्याच. सात जाती होत्या रे! आणि ज्यांनी हे केलं ते काही दुष्ट नव्हते. तुझ्यासारखेच वैतागलेले होते.

घाटात कारवीच्या पानाखाली तूच मला एक गोगलगाय दाखवली होतीस ना? शंख इतका पातळ की आतलं अंग हललेलं दिसत होतं. मला हात लावू दिला नव्हतास. तू आणशील तो प्राणी आपल्या गडग्यापाशी थांबेल, असं खरंच वाटतं तुला?

थोड्या पार्टुला संशोधकांनी वेळेवर उचलल्या, म्हणून प्राणिसंग्रहालयांत जगल्या. २०१५ पासून त्यांचे वंशज, शंखावर रंगाचा ठिपका देऊन, बेटांवर परत सोडताहेत. २०२४ मध्ये मूरेआवर पूर्ण वाढलेली, बिनठिपक्याची पार्टुला सापडली. म्हणजे रानातच जन्मलेली! वाचलं आणि आधी तुलाच सांगावंसं वाटलं.

तू संध्याकाळी भिजवलेली गोणपाटं टाक. सकाळी खाली जमलेल्या वेच, मिठाच्या पाण्यात टाक. मातीतली पिवळट अंडीही शोध. हातमोजे मात्र हवेतच. किचकट काम आहे, आणि पुण्यात बसून सांगायला माझं काय जातं, हेही तू म्हणशील. गणपतीला येते तेव्हा मीही वेचीन तुझ्याबरोबर.

तोवर काही मागवू नकोस. आधीच मागवलं असशील, तर सोडण्याआधी मला फोन कर. कितीही रात्र झाली तरी.

तुझी,
छोटी