मान धरली का?

पावसाळा लागला की दिंद्रुड, तेलगाव, सिरसाळा या बाजूने आमच्याकडे अंबाजोगाईला येणाऱ्यांत दोन तऱ्हेचे रुग्ण वाढतात. पिकावर फवारायचं औषध पोटात गेलेले, आणि रात्री जमिनीवर झोपेत मण्यार चावलेले. दोघांची फुप्फुसं बहुतेक वेळा धडधाकट असतात. लुळे पडतात ते श्वास ओढणारे स्नायू. वाटेत कुणीतरी अँब्यू बॅग दाबत त्यांना आणतं. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून अशाच पिशव्या दाबल्या होत्या, आणि आजचे अतिदक्षता विभाग त्या अनुभवातून उभे राहिले.

नळी घालून व्हेंटिलेटर लावणं हातात बसलं की बसलं. तो काढायचा केव्हा, हे मात्र प्रत्येक रुग्णाला नव्याने विचारावं लागतं. नातेवाईक म्हणतात, ‘मॅडम, घाई करू नका, राहू द्या मशीन.’ त्यांची भीती मला कळते. पण यंत्रावर पूर्ण विसावलेलं श्वासपटल फार लवकर झिजतं. २००८ च्या एका अभ्यासात १८ ते ६९ तास यंत्रावर असलेल्यांच्या श्वासपटलाचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले दिसले. शिवाय नळी असेतोवर न्यूमोनियाचा धोका रोज वाढत जातो.

म्हणून सकाळी आधी झोपेचं औषध थांबवायचं. रुग्ण डोळे उघडतो, ऑक्सिजन चाळीस टक्क्यांवर भागतो, रक्तदाब स्थिर आहे, असं दिसलं की यंत्राचा आधार काढून टी-पीसवर अर्धा तास त्याचा त्याला श्वास घेऊ द्यायचा. १९९५ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की अशी रोज एकदा चाचणी घेतलेले रुग्ण, यंत्राचे श्वास हळूहळू कमी करत नेलेल्यांपेक्षा सुमारे तिप्पट वेगाने सुटतात. ही चाचणी रविवारीही व्हायला हवी, सणालाही. सोमवारी बघू म्हटलं की त्या माणसाचे दोन दिवस नाहक जातात, याचा मला मनापासून राग येतो.

त्या अर्ध्या तासात मी मॉनिटरपेक्षा माणसाकडे जास्त बघते. मिनिटाला पस्तिसाच्या वर श्वास, कपाळावर घाम, गळ्याच्या शिरा ताठलेल्या, श्वास घेताना फुगायच्या ऐवजी आत जाणारं पोट. यातलं काही दिसलं की चाचणी तिथेच थांबवायची, त्याला पुन्हा यंत्राचा आधार देऊन विसावा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायचं. दमलेल्या स्नायूंना त्याच दिवशी पुन्हा जुंपण्यात अर्थ नसतो.

फवारणीच्या औषधाचा रुग्ण सर्वांत फसवा. अ‍ॅट्रोपिनने लाळ, घाम ओसरतात, तो शुद्धीवर येतो, घरचे निःश्वास टाकतात. आणि पहिल्या ते चौथ्या दिवसादरम्यान त्याचा श्वास खचू लागतो. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करल्लियेदे यांनी १९८७ मध्ये याचं नीट वर्णन केलं. सुरुवातीची खूण मानेत दिसते. म्हणून मी सांगते, ‘दादा, उशीवरून डोकं उचला, पाच मोजेपर्यंत धरा.’ तान्ह्या बाळाने मान धरावी तशी त्याने ती धरेपर्यंत बाकी आकडे कितीही चांगले असोत, नळी काढायची नाही. आमच्या सिस्टर रात्रपाळीच्या शेवटी हेच सांगतात: मान धरली, किंवा अजून नाही.

मण्यारीचं वेगळं. तिचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. प्रतिविष ती दुरुस्त करू शकत नाही, ती आपली आपण भरून यायला दिवस लागतात. तोवर पापण्या मिटलेल्या, बाहुल्याही प्रकाशाला हलत नाहीत, पाहणाऱ्याला वाटतं सगळं संपलं. पण आत माणूस जागा असू शकतो, ऐकत असू शकतो. त्याच्या खाटेशी रडारड, खर्चाच्या गोष्टी मी होऊ देत नाही. पत्नीला सांगते, त्यांच्याशी बोला, सोयाबीन कसं आलंय ते सांगा. मग कधीतरी एक बोट हलतं, भुवई उचलते, आणि आमच्या सकाळच्या चाचण्या सुरू होतात. श्वास वेळेत सांभाळला गेला तर ही माणसं पुरती बरी होऊन शेतावर जातात. एवढा भरघोस परतावा अतिदक्षता विभागात फार थोडे आजार देतात.

चाचणी पार पडली, खोकला जोरकस आहे, कफ बाहेर येतोय, की नळी निघते, शक्यतो दिवसाउजेडी. पुढचे ४८ तास नजर हलवायची नाही. काहींना ती पुन्हा घालावी लागते. ज्या विभागात कधीच कुणाला परत घालावी लागत नाही, तिथे बहुधा सगळ्यांनाच गरजेपेक्षा जास्त दिवस यंत्रावर ठेवलं जात असतं. हे मी नातेवाइकांना नळी काढण्याआधीच सांगते: आज काढतोय, लागली तर परत घालू, आणि परत घातली म्हणजे माणूस हातचा गेला असं नाही. आधी सांगितलेलं असलं की रात्री दोनला सही मागायला गेल्यावर ते घाबरत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, उद्या सकाळी परत बघणार ना?