शेगडीला राख खाते

आपल्या शहराचे नाव औरंगाबाद होते तेव्हा, ७ सप्टेंबर २०१९ रोजी, उज्ज्वला योजनेतील ८ कोटींचा आकडा पूर्ण करणारी गॅसजोडणी पंतप्रधानांच्या हस्ते येथेच दिली गेली. गॅस घरोघरी आला, चांगलेच झाले. पण सिलिंडर संपतो आणि पगाराला चार दिवस असतात, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची शेगडी खाली उतरतेच. आमच्याकडे आईच्या हातची शेगडी अजून चालू आहे. तिची डागडुजी दरवर्षी दिवाळीनंतर मी करतो.

शेगडी जळून गेली, असे आपण म्हणतो. खरे तर आगीइतकीच राखही तिला खाते. राख ओल धरते आणि तळाशी साचून राहिली की पत्रा गंजतो. म्हणून निखारे पूर्ण विझले की राख काढावी. पाणी ओतून शेगडी विझवू नये, आतला लेप तडकतो. पावसाळ्यात ती विटांवर ठेवावी.

गंज तारेच्या ब्रशने खरवडावा. टोचून पाहता पत्रा भोकलला तर तेवढा तुकडा पत्रेवाल्याकडून बदलून घ्यावा. जस्ती पत्रा मात्र लावू नये, तापल्यावर त्याचा धूर बाधतो. जाळीचे गज झिजले असल्यास नवे टाकावेत. मग चाळलेली चिकणमाती, थोडी वाळू आणि भुसा कालवून आतून लिंपावे. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. शेगडी सावलीत वाळवावी, भेगा बुजवाव्यात आणि पहिला जाळ मंद ठेवावा.

एक धोका मात्र कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. थंडीत शेगडी पेटती ठेवून, दारे-खिडक्या लावून कधीही झोपू नका. स्वयंपाकाच्या धुराने घरातली हवा दूषित होऊन २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपुढे जास्त वेळ बसतात त्या आपल्या आया-बहिणीच.

लिंपणे हे बायकांचे काम, असे वस्तीतले काही बंधू मला हसून म्हणतात. मी विचारतो, दादा, भाकरी कोण खातो? ज्याला भाकरी लागते, त्याने हाताला माती लावायला लाजू नये. यंदा मुलालाही माती कालवायला बसवले आहे.