अंडरसाइज

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये लेथवर पहिला जॉब लावला, तेव्हा आमच्या इन्स्ट्रक्टर काकांनी एक वाक्य ऐकवलं होतं. "कापलेलं मटेरियल परत चिकटत नाही रे बाबा!" मी जोशात क्रॉस स्लाइड जरा जास्त फिरवली होती आणि २५ मि.मी.चा जॉब २४.२ वर येऊन बसला होता. अंडरसाइज! मग काय, नवा तुकडा, हॅकसॉ, आणि परत फेसिंगपासून सुरुवात.

हे वाक्य मला परत आठवलं ते थर्ड इयरला, आणि तेही चक्क जॅझ ऐकताना.

झालं असं, की सबमिशनचा आठवडा होता आणि शीटवर सही राहिली होती, म्हणून रविवारी सकाळी सरांच्या क्वार्टरवर गेलो. दार उघडंच होतं. आत रेकॉर्ड प्लेअरवर काळी तबकडी फिरत होती आणि ट्रम्पेट असा वाजत होता, की वाजवणारा सोफ्यावरच बसलाय! सरांनी हातानेच 'बस' म्हटलं. बाजू संपेपर्यंत सहीचं नाव काढायची सोय नव्हती.

रेकॉर्ड होती ट्रम्पेटवादक हॅरी जेम्स आणि त्याच्या बिग बँडची, 'द किंग जेम्स व्हर्जन', १९७६ सालची. काढणारी कंपनी शेफील्ड लॅब. सर म्हणाले, "अरे, यात एकही कट नाही. इकडे बँड वाजवतोय आणि त्याच क्षणी तिकडे लेथवर तबकडी कापली जातेय."

लेथ? मी मेकॅनिकलचा. कान टवकारले.

आणि खरंच, तो लेथच असतो की! ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा मऊ थर, तोच आपला जॉब. टूल म्हणजे नीलमण्याची बारीक सुई. ती गरम ठेवतात, म्हणजे कट गुळगुळीत येतो. निघालेली चिप, केसासारखी लांबच लांब, शेजारच्या नळीतून ओढून घेतात. फीड बाहेरून आत. मिनिटाला सव्वातेहेतीस नव्हे, ३३ पूर्णांक १/३ फेरे. फरक एवढाच, की आपल्या टूलने थरथरलं तर शिव्या बसतात आणि त्या सुईची थरथर म्हणजेच संगीत.

खरी गंमत फीडमध्ये आहे. आवाज मोठा झाला की सुई जास्त हलते, खाच रुंद वळणं घेते, आणि शेजारच्या खाचेत घुसू शकते. म्हणून जोराच्या जागी खाचा लांब लांब ठेवायच्या, हळू जागी जवळ जवळ. टेपवरून तबकडी कापताना हे सोपं असतं. टेप मशीनला एक जादा हेड असतं, ते पुढचा आवाज साधारण एक फेरा, म्हणजे १.८ सेकंद आधीच सांगतं. पण समोर माणसं वाजवत असतील तर पुढचा सेकंद अजून जन्मालाच आलेला नाही! मग लेथवरचा माणूस रचना पाठ करून, हाताने फीड बदलत बसतो. म्हणजे तोही बँडमधलाच एक वादक.

आणि एकदा सुई टेकली की बाजू संपेपर्यंत थांबायचं नाही. साधारण पंधरा मिनिटं. दोन गाण्यांच्या मध्ये खुर्ची करकरली तर तीही कापली जाणार. शेवटच्या मिनिटाला एकाचा सूर चुकला तर सगळ्यांची अख्खी बाजू भंगारात. बरं, कशी झाली ते तीच तबकडी लावून बघताही येत नाही, कारण लॅकर इतकं मऊ की एकदा वाजवलं की खराब. त्यावर चांदीचा थर, मग निकेल, मग साचे. साचे झिजले की ती रेकॉर्ड संपली.

तसं हे नवीन काही नव्हतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या तेही असंच, एका दमात. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-तीन मिनिटांत राग बसवला तोही असाच. १९४० च्या दशकाच्या शेवटी टेप आली आणि कापाकापी, जोडाजोडी सुरू झाली. लॉस एंजेलिसच्या डग सॅक्स आणि लिंकन मायोर्गा यांना टेपची खरखर नको होती, म्हणून ते मुद्दाम मागे गेले.

सही घेऊन हॉस्टेलवर आलो तर रूममेट लॅपटॉपला चिकटलेला. गॅदरिंगसाठी आमच्या ग्रुपचं रेकॉर्डिंग चाललं होतं. तो बासरीवर, मी ढोलकीवर, दोघं गिटारवाले. बेत असा, की तुकडे जोडून ट्रॅक तयार करायचा आणि स्टेजवर नुसतं वाजवल्यासारखं करायचं. माझे एकट्याचे एकतीस टेक झाले होते! मी आल्या आल्या भाषण ठोकलं. लेथ, लॅकर, हॅरी जेम्स, सगळं. म्हटलं, "आपण लाइव्ह वाजवू." रूममेट फायनल इयरचा, त्याचं हे शेवटचं गॅदरिंग. तो जरा गप्प बसला, मग म्हणाला, "ठीक आहे. पण चुकलास तर बघ."

आणि मीच चुकलो.

तिहाई घेऊन समेवर यायचं, तर मी दोन मात्रा आधीच येऊन टपकलो. पुढच्या खुर्च्यांवर परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. हात गार पडले. रूममेटने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याने मुखडा उचलला, तोच परत वाजवला, परत वाजवला, जणू आधीच ठरलं होतं. तिसऱ्या वेळी मला सम सापडली.

बक्षीस मिळालं नाही. शेऱ्यात लिहिलं होतं, 'तालात गडबड'. दोन दिवस मी मेसमध्ये वेगळ्या टेबलावर बसलो. भाषण मी ठोकलं होतं, आणि शेवटचं गॅदरिंग त्याचं गेलं होतं.

तिसऱ्या रात्री कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंग आलं. मी ते लॅपटॉपवर टाकलं. तेवढी आठ सेकंदं उडवली असती तर कुणाला कळलंही नसतं. सिलेक्टसुद्धा केली होती. मागून रूममेट म्हणाला, "थांब. ते काढलंस तर मी तीनदा मुखडा का वाजवला, तेही जाईल."

खरंच की! सगळ्या गाण्यात तो सगळ्यात सुंदर तिथेच वाजला होता.

आता तो नोकरीला लागलाय. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, चुकीसकट. काकांचं बरोबरच आहे, कापलेलं मटेरियल परत चिकटत नाही. पण शेजारी वाजवणारा चांगला असेल, तर अंडरसाइज जॉबही कधी कधी फिट बसवून घेता येतो.