गिरणीचा भोंगा आणि पोरांचा सिंथेसायझर

हल्ली आमच्या मंगळवार पेठेत मोबाइल आणि जुना लॅपटॉप घेऊन घरच्या घरी संगीत करणारी पोरे दिसू लागली आहेत. हे संगीत वरातीचे नव्हे आणि नाचायचेही नव्हे. सिंथेसायझरचा एखादा लांब स्वर धरून ठेवायचा आणि त्याच्यामागे पाऊस, वारा, पाखरे, रेल्वे असे आवाज हलकेच सोडायचे. ऐकणाऱ्याला आपण एखाद्या ठिकाणी जाऊन बसलो आहोत असे वाटावे, एवढाच हेतू. यालाच 'ॲम्बियंट' संगीत म्हणतात. इंग्लंडच्या ब्रायन ईनो यांनी १९७८ साली 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' ही ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हापासून हे नाव रूढ झाले.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे खूळ वाटते. आमचा पुतण्याही याच नादातला. आम्ही चार रविवार त्याच्याजवळ बसून हे काम पाहिले, आणि आपल्या घरांनी याकडे लक्ष द्यावे असे आम्हांला वाटले, म्हणून हे चार शब्द.

पहिला प्रश्न असा की हे आवाज आणायचे कुठून? इंटरनेटवर 'फ्रीसाउंड' नावाचा मोठा साठा आहे. स्पेनमधील बार्सिलोनाच्या एका विद्यापीठाने तो २००५ साली सुरू केला. तिथे आवाज फुकट मिळतात, पण प्रत्येकाला अट जोडलेली असते. आम्ही कारकून माणूस, त्यामुळे अटी आधी वाचल्या. काही आवाज कसेही वापरता येतात. काही वापरताना मूळ ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव द्यावे लागते. काही आवाज असे आहेत की जे कमाईच्या कामात घालता येत नाहीत. पोरांनी हे वाचल्याशिवाय एकही आवाज उचलू नये.

पण परदेशातल्या जंगलातला पाऊस वेगळा आणि आपल्या पत्र्यावर पडणारा पाऊस वेगळा. आपल्याकडे काय कमी आहे? गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर भांड्यात पडणारी धार, शिवाजी उद्यमनगरातली लेथ मशीन, कातड्यावर पडणारा हातोडीचा ठोका, खासबागेत कुस्तीच्या आधी ठोकलेला शड्डू. हे आवाज मागायला कुणाच्या दारात जावे लागत नाही.

कामाच्या आवाजाचे संगीत होते, ही गोष्ट काही नवी नाही. फ्रान्समध्ये पिएर शेफर यांनी १९४८ साली रेल्वे इंजिनांचे आणि डब्यांचे आवाज मुद्रित करून, ते कापून जोडून एक रचना केली होती. त्याच्याही आधीचे उदाहरण आपल्या घरचे आहे. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या प्रभात कंपनीने पुढे पुण्यात १९३७ साली 'कुंकू' काढला. त्यात नेहमीचे पार्श्वसंगीत न वापरता घरातले आणि आसपासचे नैसर्गिक आवाजच वापरले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर १९६९ सालीच मूग सिंथेसायझर आला होता. तिथे आपल्या देशातल्या लोकांनी केलेल्या टेप्स २०२३ साली जगापुढे आल्या. मधली कित्येक वर्षे त्या पडून होत्या. जपून ठेवल्या होत्या, म्हणूनच सापडल्या.

आता मुद्द्याचे सांगतो. पुतण्याला शाहू मिलवर एक रचना करायची होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली उभी केलेली ही गिरणी २००३ साली बंद पडली. आमचे वडील तिथे होते. त्या भोंग्यावर आमचे घर चालायचे. चूल पेटायची भोंग्यावर, डबा भरायचा भोंग्यावर. पोराने विचारले, "काका, त्याचं रेकॉर्डिंग कुणाकडं असंल?" आम्ही ओळखीच्या जुन्या कामगारांच्या घरी फिरलो. लग्नाच्या कॅसेटी निघाल्या, बारशाचे फोटो निघाले, भोंगा कुणाकडेच निघाला नाही. रोज कानावर पडणारी गोष्ट जपायची असते, हे कुणाच्या ध्यानात येणार?

मग पोराने वेगळी वाट काढली. तिघा म्हाताऱ्यांना आणि आमच्या आईला तोंडाने भोंगा वाजवायला लावला आणि ते मुद्रित केले. चौघांचे चार भोंगे. ते ऐकून त्याने सिंथेसायझरवर खालून वर चढणारा, थांबणारा, मग उतरणारा स्वर बसवला. त्याच्यामागे अर्ध्या वेगाने चालवलेली शिलाई मशीन ठेवली. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली येतो आणि मागासारखा घुमतो. आईने ते ऐकले आणि म्हणाली, "जरा अजून लांब पाहिजे. तुझा आजा चप्पल घालून गल्लीच्या टोकाला जाईस्तोवर वाजायचा." पोराने स्वर लांबवला.

ज्यांना हे करायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. पहाटे, गाड्या सुरू होण्याआधी ध्वनिमुद्रण करावे. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकावा, वारा असेल तर माइकवर पातळ कापड धरावे. निदान तीन मिनिटे न बोलता थांबावे. फाइल शक्यतो 'वेव्ह' प्रकारात ठेवावी, नावात जागा आणि तारीख लिहावी. 'ऑडॅसिटी' हा फुकट प्रोग्राम कापाकापीला पुरतो. त्यात खालची घरघर काढावी आणि आवाज स्वराच्या मागेच ठेवावा, पुढे आणू नये. कुणाचे बोलणे त्याला विचारल्याशिवाय घेऊ नये.

बंधू-भगिनींनो, आपल्या कष्टाची माणसे कागदावर थोडी आली, आवाजात तर त्याहून थोडी. आज घराघरांत मोबाइल आहे. आईची भाकरी थापण्याची थाप, वडिलांच्या हत्याराचा ठोका, आजीची हाक, हे या रविवारीच मुद्रित करून ठेवा. संगीत पोरे नंतर करतील. आवाज मात्र आताच घ्यायला हवा.