नारगनची माणसं

प्रिय मुक्ता,

कादंबरीची प्रकरणं वाचली. तलासरीच्या रानात वाट चुकलेली पुण्याची मुलगी, तिला भेटणारा वारल्यांचा देव हिरवा, पाऊस आणणारा नारनदेव, धान्याची देवी कणसरी. वाचताना खाली ठेववत नव्हतं. तरी एक गोष्ट मनाला टोचते आहे, आणि ती सांगायची तर पॅट्रिशिया राइटसनपासून सुरुवात करावी लागेल.

ही ऑस्ट्रेलियातली गोरी लेखिका. ‘द नारगन अँड द स्टार्स’ ही तिची किशोरांसाठीची कादंबरी १९७३ सालची. आईवडील गमावलेला सायमन वोंगाडिला नावाच्या मेंढ्यांच्या कुरणावर चार्ली आणि इडी या दूरच्या नातलगांकडे राहायला येतो. तिथल्या दलदलीत पोटकूरूक नावाचा जीव राहतो, झाडांवर टुराँग, डोंगराच्या पोटात निओल. रान साफ करायला यंत्रं येतात, तर ही मंडळी ग्रेडर चिखलात गडप करून टाकतात! आणि दक्षिणेकडून, वर्षानुवर्षं सरकत, नारगन येऊन ठेपलेला असतो. दगडाचा, फार जुना. राइटसनने त्याला दुष्ट केलं नाही. त्याचा एकटेपणा तिने असा लिहिलाय की आपण त्याला घाबरतो आणि त्याच क्षणी त्याच्यासाठी हळहळतोही. युरोपातल्या पऱ्या उसन्या न आणता त्या मातीतलेच जीव तिने शोधले, पवित्र देवतांना हात लावायचा नाही हेही ठरवलं. १९८६ साली तिला हान्स अँडरसन पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता.

तरीही आदिवासींच्या गोष्टी वापरल्याबद्दल पुढे तिच्यावर झालेली टीका मला पटते. नारगन गिप्सलँडच्या गुनाइकुर्नाई या आदिवासी लोकांचा. तिथे मिचेल नदीच्या परिसरात त्याची गुहा आजही दाखवतात. ती जागा बायकांची मानली जाते. कादंबरीत नारगन तिथून उठून गोऱ्या मेंढपाळांच्या दारी येतो, त्याची माणसं मात्र मागेच राहतात. वोंगाडिलाच्या जीवांशी जुनी ओळख कुणाची, तर चार्ली आणि इडीची. जमीन ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने गोष्टही गेली.

आता विटी इहिमाएराची ‘द व्हेल रायडर’ घे, १९८७ सालची. लेखक स्वतः माओरी. देवमाशावर बसून आलेला पाइकिया हा फांगारा गावाचा पूर्वज, आणि त्याच्या वारशावरून आज, त्याच्या वंशजांच्या घरात, भांडण पेटलंय. पणजोबा कोरो यांना वारस मुलगाच हवा. पणती काहूकडे ते बघतही नाहीत, आणि पोर तर त्यांच्यावर जीव टाकते. पणजी त्यांना तोंडावर सुनावते. इथे पुराणकथेला माणसं आहेत, ती चिडतात, हट्ट करतात, चुकतात.

तुझ्या कादंबरीत हिरवा बोलतो, नारनदेव बोलतो, पण वारली माणूस फक्त वाट दाखवतो आणि निघून जातो. भगत तर दोन वाक्यांत संपला. त्याला घर दे, शेत दे, शाळेत जाणारी, त्याचं न ऐकणारी नात दे. पुण्याच्या मुलीला नारनदेवाचं सगळं कळायलाच हवं असं नाही. त्या नातीने तिला एखादी गोष्ट सांगायला साफ नकार दिला तरी चालेल. पुन्हा लिहिण्याआधी तलासरीला जाऊन राहा, आणि झालेलं लेखन आधी तिथल्या मुलांना वाचून दाखव, मग मला.

तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलंस की पाठव. आईला नमस्कार.

तुझी,
मावशी