अधांतरी

घार घिरट्या घालते, कापशी घालत नाही. नवी मुंबईच्या उरणकडच्या अंगाला, गवत माजलेल्या पडीक जमिनींवर ही पांढरी-राखाडी, काळ्या खांद्यांची छोटी शिकारी विजेच्या तारेवरून उठते, वाऱ्याकडे तोंड करते आणि थबकते. पंख भराभर हलत असतात, पाय खाली लोंबतात. लाल डोळ्यांचं डोकं मात्र कुणी धरून ठेवल्यासारखं स्थिर. खाली उंदीर हलला तरी ती लगेच कोसळत नाही. थोडी उतरते, पुन्हा थबकते, खात्री करून घेते, आणखी उतरते. शेवटचा टप्पा तेवढा पंख पाठीवर उंच धरून, पाय पुढे काढून.

यातलं बरंच काम वारा करतो. तो ज्या वेगाने समोरून येतो, त्याच वेगाने कापशी पुढे उडते. संध्याकाळी वाशी स्टेशनच्या जिन्यावर उतरत्या लोंढ्यासमोर एका पायरीवर टिकून राहायला लागतं, तसलंच हे बळ.

वारा पडला की खरी परीक्षा. तिथे बाजी मारतो कवड्या खंड्या. काळा-पांढरा, वजनाला शंभर ग्रॅमही नाही. पण निवांत हवेत नुसत्या पंखांवर तरंगणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत मोठा तोच मानला जातो. बारीक मासा तो उडता उडताच गिळतो. त्यामुळे काठापासून लांबचं, जिथे बसायला काठीसुद्धा नाही असं पाणीही त्याचं.

1994 ते 1999 या काळात माणसांनीही इथे हा खेळ करून पाहिला. गेटवे ऑफ इंडियाहून बेलापूर-वाशीला हॉवरक्राफ्ट येत असे. ख्रिस्तोफर कॉकरेल यांच्या कल्पनेतलं, हवेच्या उशीवर चालणारं हे वाहन. 1959 मध्ये त्याने इंग्लिश खाडी ओलांडली होती. ओहोटीला चिखल उघडा पडणाऱ्या ठाणे खाडीला ते, कागदावर तरी, शोभून दिसणारं. पण पोटाखाली हवा भरत राहायची म्हणजे इंधन जाळत राहणं आलं. त्यात जलवाहतुकीच्या सोयी अपुऱ्या, आणि 1992 पासून लोकल वाशीला येतच होती. महिन्याच्या पासापुढे कोणाचं काय चालणार!

हा खर्च पक्ष्यांनाही चुकत नाही. कापशीसारखीच तरंगणारी खरुची हिवाळ्यात आपल्याकडे येते. तिच्या जातीवर नेदरलँड्समध्ये अभ्यास झाला. हिवाळ्यात हे पक्षी बहुतेक वेळ खांबावर बसूनच सावज हेरतात. तरंगून शिकार करण्याचा जोर वाढतो तो उन्हाळ्यात, घरट्यात पिल्लं असताना. मेहनत जास्त, पण उंदीरही जास्त मिळतात.