चाकांची मांडणी

स्वयंपाकघरातील मांडणी ही वस्तू आता पुष्कळ घरांतून नाहीशी झाली आहे. भिंतीला टेकून उभी असलेली ती चौकट, तिच्यावर ओळीने उभी केलेली पितळी ताटे, आणि ती पुढे घरंगळू नयेत म्हणून आडवी बसविलेली बारीकशी पट्टी, हे ज्यांनी लहानपणी पाहिले असेल त्यांस पुढील हकीकत समजण्यास अडचण पडणार नाही. गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आमच्या भाच्याने आमच्यादेखत जी वस्तू तयार केली, ती मुळात मांडणीच होय. तिच्यावर ताटांऐवजी शर्यतीच्या मोटारीची चाके ठेवावयाची होती, आणि ती ज्या भिंतीला लावावयाची ती भिंत ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणारी होती, एवढाच काय तो फरक.

भाचा मिलवॉकी शहरात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मोटार पळवितो. तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर एल्कहार्ट लेक नावाचे गाव आहे. १९५० ते १९५२ पर्यंत त्या गावाच्या सार्वजनिक रस्त्यांवरूनच शर्यती होत. पुढे १९५५ साली ‘रोड अमेरिका’ हा साडेसहा किलोमीटरांचा स्वतंत्र मार्ग तयार झाला, तो अद्याप चालू आहे. भाच्याची मोटार मियाटा नावाची, दोन माणसांची, जपानी बनावटीची. शर्यतीची मोटार रस्त्याने चालवीत नेत नाहीत. ती एका बंद ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत, चढवून मोठ्या गाडीमागे ओढीत नेतात. तिच्याबरोबर कोरड्या रस्त्याची चार व पावसाची चार अशी आठ जादा चाके जातात. एकेक चाक टायरसकट सुमारे १६ किलोंचे. म्हणजे सव्वाशे किलोंवर ओझे झाले.

हा ट्रेलर त्याने जुना विकत घेतला तेव्हा आत एक फळी होती. पहिल्या मालकाने ती आतल्या प्लायवूडमध्ये लाकडाचे स्क्रू पिळून बसविली होती. एके दिवशी समोरच्या गाडीने अचानक ब्रेक दाबला, भाच्यानेही दाबला, आणि ती फळी स्क्रूंसकट उपटून चार चाके मोटारीच्या बॉनेटवर आली. धावत्या ट्रेलरमध्ये माणूस नसतो, म्हणून बॉनेटवरच निभावले. परंतु शर्यतीच्या ठिकाणी त्याच भिंतीखाली वाकून तो व त्याची बायको कामे करीत असतात. ‘मामा, ती तिथे असताना हे झालं असतं तर?’ एवढेच तो आमच्यापाशी बोलला, आणि दुसऱ्या दिवशी लोखंड आणावयास गेला.

अशी मांडणी बाजारात तयार मिळते, आणि ती घेणे त्याला जड नव्हते. पण सर्वांच्या ट्रेलरला बसावी अशी जी वस्तू करतात ती कोणाच्याच ट्रेलरला नेमकी बसत नाही. तिची भोके ह्याच्या भिंतीतील खांबांशी जुळेनात. आमच्या पांढरपेशा वर्गात खिळा ठोकावयाचा झाला तरी सुताराला बोलावण्याची चाल. हाताला वंगण लागले म्हणजे शिक्षण फुकट गेले असे मानणारे आप्त आम्हांस पुष्कळ आहेत. भाच्याची आई त्यांतलीच. तिने फोनवर विचारले, ‘इतका शिकून हा आता लोहारकाम करतो का रे?’ आम्ही म्हणालो, ‘ताई, ह्या लोहारकामाला जेवढे गणित लागते तेवढे आमच्या पदवीधरांना जन्मात लागत नाही.’ तिचे समाधान झाले नाही.

ते गणित खरोखरच पाहण्यासारखे होते. पहिला प्रश्न जागेचा. एका मित्राने सुचविले, मांडणी मागच्या दाराशी लावा, म्हणजे चाके काढणे सोपे. परंतु ट्रेलरच्या एकूण वजनापैकी शेकडा १० ते १५ भाग पुढच्या आकड्यावर पडला पाहिजे असा नियम आहे. मागे ओझे वाढले की पुढची दांडी हलकी होते, आणि भर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागून ओढणाऱ्या गाडीलाही भरकटवितो. मागे भार झालेल्या गाडीला आपल्याकडे उलाळ गाडी म्हणतात, आणि ती भरणाऱ्याला शिव्या बसतात. तेव्हा जागा ठरली ती पुढच्या भिंतीची.

दुसरा प्रश्न अंतराचा. दोन आडव्या नळ्या, आणि त्यांच्या मधल्या खोबणीत चाके पुस्तकांप्रमाणे उभी, अशी रचना. चाकाचा व्यास २३ इंच. नळ्यांमध्ये १० इंच अंतर ठेवले तर चाक जेमतेम १.१ इंच खाली बसते. १८ ठेवले तर ४.३ इंच बसते, पण मग खांद्याच्या उंचीवर ते तितके उचलून काढावे लागते. भाच्याने १४ इंच धरले, चाक २.४ इंच खाली जाते. शाळेत पाठ केलेला पायथागोरस आम्ही इतक्या निकडीच्या कामावर प्रथमच पाहिला. ह्या अंतरावर चाक नळीवरून आडवे ढकलून काढण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे पाऊणपट जोर लागतो. ब्रेक दाबला तर पुढची भिंत चाके अडविते. गाडी निघताना एवढा जोर मागे कधी येत नाही. खड्डा मात्र चाकाला वर उडवितो, आणि क्षणभर त्याला वजनच उरले नाही म्हणजे सारे गणित लटके पडते. म्हणून सगळ्यांवरून एक रुंद पट्टा आवळावयाचा.

खरी मेख पुढेच होती. स्वयंपाकघरात ताटांचे ओझे खालीच ओढते. धावत्या भिंतीवर तेच ओझे मांडणीला बाहेर उपटू पाहते, आणि प्लायवूडमधील स्क्रू खालचा भार वर्षानुवर्षे सोसतो, बाहेरची ओढ सोसत नाही. ट्रेलरची भिंत म्हणजे बाहेरून पातळ पत्रा, आतून प्लायवूड, आणि मध्ये सोळा-सोळा इंचांवर पोलादी खांब. लोहचुंबक फिरवून भाच्याने ते खांब हुडकले, प्रत्येकावर खडूने रेघ मारली, तिरपे टेकू असलेल्या कमानी त्यांनाच आरपार बोल्टांनी जखडल्या, आणि कंपाने सैल होऊ नयेत म्हणून आत नायलॉनचे कडे असलेले नट वापरले. हे सर्व करण्यास तीन दिवस लागले, त्यांतला सबंध एक दिवस नुसत्या मोजणीत गेला.

हिवाळ्यात मात्र चाके तेथे राहावयाची नाहीत. शर्यतीच्या टायरांचे मऊ रबर कडक थंडीत तडकते, आणि विस्कॉन्सिनची थंडी काही साधी नव्हे. ती तळघरात जातात, तेही विजेच्या मोटारीपासून दूर, कारण तिच्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन रबर खातो.

पुढच्या शनिवारी आम्ही त्याच्याबरोबर एल्कहार्ट लेकला गेलो. पोहोचताच मोटार उतरविण्याच्या आधी तो पाना घेऊन मांडणीखाली शिरला. सोळा बोल्टांपैकी एकही हलला नव्हता. पट्टा तेवढा एका कमानीच्या कडेवर घासला होता. तेथे त्याने बागेच्या जुन्या नळीचा एक तुकडा उभा चिरून चढविला, आणि मग बायकोला आत हाक मारली.